पक्ष्यांच्या खोलीतला सोमल

विद्यापीठाच्या प्राणी संग्रहालयात एकेकाळी आठ माणसं होती. साप सांभाळणारे निवृत्त झाले, मासे सांभाळणारे परदेशी गेले, शंख-शिंपल्यांचं बघणारी बाळंतपणाच्या रजेवर गेली ती परत आलीच नाही. कुणाचीच जागा भरली गेली नाही. शेवटी दोघंच उरले. एक पक्ष्यांच्या बाई आणि दुसरे कीटकांचे सर.

बाई उंचपुऱ्या, हाडापेराने मजबूत. आवाज असा की वरच्या मजल्यावरून हाक मारली तर फाटकावरचा रखवालदार खुर्चीतून उठायचा. म्हणूनच बहुधा मुलांनी त्यांचं नाव चिमणीबाई ठेवलं होतं. सरांचा सगळा जीव भुंगेऱ्यांत, म्हणून ते भुंगासर. दोघांनाही ही नावं ठाऊक होती, आणि दोघंही ती ऐकू न आल्यासारखं करत.

सव्वीस वर्षांपूर्वी दोघं एकाच आठवड्यात नोकरीला लागले. पहिलं वर्ष अहो-जाहो करण्यात गेलं. मग एकदा भर दुपारी वरच्या मजल्यावरचा पाण्याचा नळ फुटला आणि घोटाभर पाण्यात उभं राहून दोघांनी चार तास कपाटांचे खालचे खण उपसले. त्या गडबडीत ‘अहो, जरा उचलता का’ म्हणायला सवड कुणाला होती? ‘उचल, उचल! अगं, ते नको, हे आधी!’ असं सुरू झालं आणि तेव्हापासून दोघांत कायमचं अरे-तुरे झालं.

बाईंच्या खोलीत बावीस कपाटं होती. शाळेच्या सहली यायच्या त्या बाहेरच्या दालनात, काचेमागचा गरुड आणि पंख पसरलेला बगळा बघून जायच्या. खरा खजिना आत होता. एकेका खणात एकाच जातीचे तीस-चाळीस पक्षी पाठीवर ओळीने झोपवलेले, पंख मिटलेले, डोळ्यांच्या जागी कापूस, आणि प्रत्येकाच्या पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. कधी सापडला, कुठे, कुणाला. काही चिठ्ठ्यांवरची शाई शंभर वर्षांपूर्वीची होती. चिठ्ठी तुटली की पक्ष्याची किंमत संपली, असं बाई नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगत. मग तो नुसता मेलेला पक्षी.

जुन्या काळी हे पक्षी टिकवायला कातड्याच्या आतून सोमल फासत. सोमल म्हणजे जालीम विष. कसर लागू नये म्हणून. या कामातल्या सगळ्यांना हे माहीत असतं, तसं बाईंनाही होतं. पण अकरा वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात त्यांनी सर्वांत जुनी चार कपाटं साफ करायला काढली आणि उकाड्याने वैतागून हातमोजे काढून ठेवले. दोन महिन्यांत तळहातांची सालं निघाली. बोटांना मुंग्या यायला लागल्या. केस विंचरताना झुपके हातात यायला लागले.

भुंगासरांनी त्यांना आपल्या गाडीत घालून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे नेलं. तपासणीत सोमल निघाला. डॉक्टरांनी तीन महिने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही म्हणून बजावलं.

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, “हे कुणाला कळता कामा नये. ऑफिसात कळलं तर खोलीला कुलूप लागेल. आणि घरी तर मुळीच नाही.” बाईंचा नवरा जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. लेक बारावीला होती. “तिला वाटेल, आता आईही जाणार.”

“माझ्या तोंडून निघणार नाही,” भुंगासर म्हणाले. आणि नाहीच निघालं. तीन महिने त्यांनी स्वतः हातमोजे आणि मुखपट्टी चढवून बाईंची कपाटं सांभाळली. बाई त्यांच्या टेबलाशी बसून भुंगेऱ्यांच्या नोंदी लिहीत राहिल्या. लेकीला सांगितलं, साबण बाधला.

उपकार एकतर्फी नव्हते. तीन वर्षांपूर्वी सरांच्या हातून एक पेटी निसटली. तिच्यात एक नखाएवढा हिरवा भुंगेरा होता, ज्याच्यावरून त्या जातीचं जगभर वर्णन झालं तो मूळ नमुना. तसा दुसरा कुठेच नाही. त्याचा भुगा झाला. सर जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले. बाईंनी मऊ कुंचल्याने ते कण गोळा केले, काचेच्या नळीत भरले आणि नळी सरांच्या खणात मागे सरकवली. नोंदवहीत तो भुंगेरा अजून धडधाकट होता. बाईंनी त्याबद्दल कधी ब्र काढला नाही.

असं सगळं असताना खर्चकपातीचं पत्र आलं.

विद्यापीठात विद्यार्थी कमी होत चालले होते, तुटीचे आकडे वर्तमानपत्रात आले होते. नवे कुलसचिव मृदू बोलणारे गृहस्थ होते. संग्रहालय बघायला आले तेव्हा प्रत्येक कपाटापुढे थांबून ‘वा, वा’ म्हणाले. बाहेर पडताना त्यांनी शिपायाला विचारलं, “या इमारतीत वर्ग किती बसतील?” शिपायाने ते बाईंना येऊन सांगितलं.

दोघं कामाला लागले. निवेदन लिहिलं, एकेका विभागात फिरून तीनशे सह्या गोळा केल्या. एका दुपारी मागच्या पायऱ्यांवर डबा खाताना भुंगासर म्हणाले, “ते आता आपल्याला वेगवेगळं बोलावणार बघ. तू एकीकडे, मी एकीकडे.”

“बोलावू देत. आपण एकच सांगायचं.”

“एकच. राहिलो तर दोघं, गेलो तर दोघं.”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि हात पुढे केला. सरांनी तेलकट हातानेच टाळी दिली.

सोमवारी बाईंना बोलावणं आलं. कुलसचिवांनी चहा मागवला, घरची चौकशी केली, आणि मग पेनाचं टोपण काढून म्हणाले, “बाई, दोन्ही विभाग चालवणं आम्हाला झेपणार नाही. एक कदाचित वाचेल. तुम्ही मोकळेपणाने सांगा, कीटक विभागाची काय अवस्था आहे? नोंदी आणि नमुने जुळत नाहीत असं कानावर आलंय.”

बाईंच्या डोळ्यांपुढे ती काचेची नळी आली. त्या म्हणाल्या, “सगळं जागच्या जागी आहे. कीटक विभागाइतकी नीटस मांडणी मी दुसरीकडे पाहिली नाही.” इतक्या वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांपुढे बोललेलं हे त्यांचं पहिलं धडधडीत खोटं.  त्यांनी तडक जाऊन ते सरांना सांगितलं. सरांनी हातातली पेटी मिटली. मग म्हणाले, “माझं गुरुवारी आहे.”

गुरुवारी ते तासाभराने परत आले. बाई दारातच उभ्या होत्या.

“काय झालं रे?”

“काही नाही. चहा पाजला आणि सोडलं,” म्हणत सर आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी डबा खायला ते पायऱ्यांवर आले नाहीत. पित्त झालंय म्हणाले. बाईंनी घरून सुंठ-साखर आणून त्यांच्या टेबलावर ठेवली.

दोन आठवड्यांनी खर्चकपात समितीची बैठक भरली. लांबलचक टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि अहवालाची प्रत. कुलसचिव म्हणाले, “चौथं पान काढा.” पानं सळसळली. बाईंनी चष्मा लावला.

‘पक्षी विभागातील जुन्या नमुन्यांमध्ये सोमल असून, अकरा वर्षांपूर्वी त्या विभागातील महिला कर्मचाऱ्याच्या शरीरात तो आढळून आला होता. ही बाब विद्यापीठापासून लपवण्यात आली. सबब हा विभाग तत्काळ बंद करून नमुन्यांची सुरक्षित विल्हेवाट लावावी. कीटक विभाग कायम ठेवावा.’

बाईंनी ते दोनदा वाचलं. अक्षरं तीच राहिली. अकरा वर्षांपूर्वी. महिला कर्मचारी. त्या विभागात महिला कर्मचारी एकच होती, आणि हे ठाऊक असलेला माणूस एकच होता.

त्यांनी मान वर केली. भुंगासर दोन खुर्च्या सोडून बसले होते. सगळी समिती चौथ्या पानावर होती आणि सर एकटे पहिलं पान उघडून त्यात डोकं खुपसून बसले होते. पहिल्या पानावर फक्त विद्यापीठाचं बोधचिन्ह आणि तारीख होती.

“बाई,” कुलसचिवांनी अगदी हळुवारपणे विचारलं, “हे खरं आहे ना?”

काय म्हणणार? खोटं असतं तर बाई टेबलावर हात आपटून, त्या आवाजात, सगळ्यांना हलवून आल्या असत्या. पण शब्दन्‌शब्द खरा होता.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. इतक्या बारीक आवाजात की लिहून घेणाऱ्या कारकुनाने पुन्हा विचारलं, “काय म्हणालात?”

त्याच दिवशी पक्ष्यांच्या खोलीला पिवळी पट्टी लागली. आणि विद्यापीठाने नियमाप्रमाणे बाईंच्या वैद्यकीय तपासणीचं पत्र काढलं. त्याची एक प्रत, अहवालाचं चौथं पान जोडून, लगोलग ईमेलने जवळच्या नातेवाईकाला. म्हणजे लेकीला.

लेक आता रुग्णालयात परिचारिका होती. ती संध्याकाळी आली, पर्स खांद्यावरून न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

“साबण बाधला होता ना, आई?”

बाई ओट्याकडे तोंड करून भांडं घासत राहिल्या.

“अकरा वर्षं. मी रोज लोकांचं रक्त काढते, आई. तुझं एकदा काढलं असतं.”

“तुझी बारावी होती गं. बाबा नुकतेच...”

“बारावी एक वर्ष असते. पुढची दहा?” लेकीचा आवाज फुटला. “तेव्हा तुला डॉक्टरकडे भुंगाकाकांनी नेलं होतं, म्हणजे त्यांना माहीत होतं. आणि मला नाही. त्यांना सांगावंसं वाटलं तुला.”

 त्या माणसाने आपला विश्वासघात केला म्हणून बाई दिवसभर आतल्या आत जळत होत्या, आणि इथे आपलीच पोर त्याच नजरेने आपल्याकडे बघत होती. लेकीने पर्समधून सुई आणि नळी काढली, आईचा हात ओल्या भांड्यातून ओढून टेबलावर घेतला आणि एक अक्षर न बोलता रक्त काढलं. जाताना दार मात्र हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी भुंगासर जिन्यात समोर आले. चुकवता आलं नसतं, जिना अरुंद होता.

“अगं, माझं ऐकून घे...”

“बोला,” बाई म्हणाल्या.

सरांनी चमकून वर पाहिलं. कानफटात बसल्यासारखा चेहरा झाला त्यांचा.

“असं परक्यासारखं नको ना बोलूस. त्यांनी दोन्ही विभागांचा ठराव तयार ठेवला होता. मी डोळ्यांनी पाहिला. एक तरी वाचवायचा तर कुठला ते मला विचारलं. माझ्याकडे चाळीस हजार किडे आहेत, गं. माझे गुरू, त्यांचे गुरू, तिघांचं आयुष्य आहे त्यात.”

“आणि माझ्याकडे?”

सरांनी जिन्याचा कठडा धरला. मग म्हणाले, “मी तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?”

“नाही.”

“मग?”

“विचारायचं होतं तुम्ही,” बाई म्हणाल्या. “मी नाही म्हणाले असते, भांडले असते. आणि मग तुम्ही जे करायचं ते केलं असतं, पण माझ्या तोंडावर. मी पित्तावर सुंठ आणून दिली हो तुम्हाला. ती घेतलीत तुम्ही.”

त्या भिंतीला अंग चोरून सरांच्या शेजारून खाली उतरल्या. आणि उतरल्या त्या थेट कुलसचिवांच्या कार्यालयात गेल्या. रात्रभर मनात एकच घोळत होतं. हिरवा भुंगेरा. जगातला एकमेव नमुना, त्याचा भुगा, आणि नोंदवहीत खोटी नोंद. दोन वाक्यांत कीटक विभागही संपला असता.

“बसा, बाई,” कुलसचिव म्हणाले. “तुम्ही रागावला असाल.”

“कीटक विभागाबद्दल मी तुम्हाला जे सांगितलं होतं ना,” बाईंनी सुरुवात केली, “ते सगळं...”

कुलसचिव एकदम पुढे झुकले. पेनाचं टोपण टक्कन निघालं. “हां, सांगा की. लेखी दिलंत तर फारच बरं.”

बाईंनी त्या पेनाकडे पाहिलं. मग कळलं, हीच खुर्ची होती ती. त्या गुरुवारी याच खुर्चीत भुंगासर बसले होते, हाच चहा, हेच पेन. माणूस कसा बोलून जातो ते त्यांना त्या घटकेला अगदी नीट समजलं. समजलं म्हणून राग कमी झाला नाही. उलट वाढला, कारण स्वतः याच खुर्चीत बसून त्या खोटं बोलल्या होत्या आणि ते काही फार अवघड गेलं नव्हतं.

“ते सगळं तसंच आहे,” त्या म्हणाल्या. “मला पेट्या हव्यात, एवढंच सांगायला आले. लाकडी, दोनशे. विल्हेवाट म्हणजे जाळणार असाल तुम्ही. मी पक्ष्यांना दुसरीकडे घर बघते. मला सहा आठवडे द्या.”

कुलसचिवांनी टोपण लावलं. पक्षी जाळण्याचा खर्च वाचतोय म्हटल्यावर त्यांची काही हरकत नव्हती.

बाईंनी चाळीस ठिकाणी पत्रं पाठवली. एकोणीस जणांनी उत्तरच दिलं नाही. बाकीच्यांना सोमल म्हटल्यावर घाम फुटला. शेवटी दूरच्या एका शहरातल्या जुन्या संग्रहालयाने होकार कळवला, पण अटी घालून. फक्त चौदा कपाटांचे पक्षी घेऊ. प्रत्येक पक्षी वेगळा गुंडाळलेला हवा. प्रत्येकावर विषाची खूण हवी. उरलेल्या आठ कपाटांना जागा नाही.

म्हणजे आठ कपाटं निवडायची होती. बाईंनी ती निवडली. त्या कामाबद्दल त्या पुढे कुणाशीही बोलल्या नाहीत.

पांढरा झगा, दुहेरी हातमोजे, नाकावर जाड मुखपट्टी. सकाळी आठपासून पाचपर्यंत त्या एकेक पक्षी पातळ कागदात गुंडाळत. शनिवार-रविवारी लेक यायला लागली. पहिल्या दिवशी ती फक्त आईचे मोजे नीट चढलेत का ते तपासायला आली होती. रक्ताचा अहवाल ठीक आला होता. तो तिने टेबलावर ठेवला आणि “या वेळी मी आधी वाचला,” एवढंच म्हणाली. मग तिने दुसरा झगा चढवला. चौथ्या आठवड्यात ती एक पक्षी हातात धरून म्हणाली, “आई, ही चिठ्ठी सुटायला आलीय.” बाईंनी दोरा दिला. लेकीने जखमेला टाका घालावा तशी गाठ मारली.

भुंगासर एकदा दाराशी आले होते. हातमोजे घेऊनच आले होते. बाईंनी लेकीकडे पाहिलं, लेकीने दार लावून घेतलं.

मालमोटार आली आणि गेली. आठ कपाटांसाठी झाकलेली दुसरी गाडी आली. ती निघाली तेव्हा बाई मुद्दाम शौचालयात जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या. सोमवारपासून त्यांना प्रवेश विभागात बसायचं होतं, अर्ज तपासायला.

शुक्रवारी दुपारी बाई पक्ष्यांच्या खोलीची किल्ली द्यायला गेल्या. दार उघडंच होतं. आत भुंगासर मोजपट्टी घेऊन भिंत मोजत होते. कीटकांची तीन कपाटं आधीच आत आणून ठेवलेली.

सर दचकले. पट्टी सुर्रकन गुंडाळली गेली. “मी मागितली नव्हती खोली,” ते म्हणाले. “त्यांनीच दिली. ही जास्त मोठी आहे म्हणाले.”

“हो. मोठी आहे.”

“तू काहीतरी बोल गं. शिव्या दे. पण बोल.”

बाईंनी किल्ली खिडकीत ठेवली. बावीस कपाटांच्या पायांचे चौकोनी डाग फरशीवर तसेच होते. सरांनी पहिलं कपाट उत्तरेच्या भिंतीला टेकवून ठेवलं होतं.

“त्या भिंतीला लावू नका,” बाईंच्या तोंडून निघून गेलं. “आतून नळ जातो. ओल धरते. बुरशी येईल किड्यांना. वीतभर पुढे ओढा.”

सरांचे डोळे भरून आले. ते पुढे आले, काही बोलणार, तोच बाई वळल्या आणि चालू लागल्या. मागून “अगं, थांब,” अशी हाक आली. पुन्हा आली. मग कपाट ओढल्याचा, फरशीवर लोखंड घासल्याचा लांबलचक आवाज आला.

लेक फाटकापाशी गाडी घेऊन थांबली होती. “दिलीस किल्ली?”

“दिली.”

“भेटले का ते?”

“भेटले.” बाईंनी पट्टा लावला. बऱ्याच वेळाने, दोन सिग्नल मागे पडल्यावर त्या उसळून म्हणाल्या, “मी त्यांना ओलीचं कशाला सांगितलं गं? काय गरज होती मला? येऊ द्यायची होती बुरशी!”

 लेकीने गियर बदलला आणि मोकळा झालेला हात आईच्या मांडीवर ठेवला. बाई घर येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिल्या.